सायकल येते, चालता येत नाही

आता माणूस सायकल चालवतो म्हणून त्याची कंबर दुखत नाही, हे कुठल्या शाळेत शिकवतात, सांगा ना मला! मी फार शिकलेली नाही, पण डोळे मलाही आहेत. आणि माझी खिडकी बरोब्बर त्यांच्या जिन्यासमोर, त्याला मी काय करू?

अहो कोण म्हणून काय विचारता, शेजारचे कटिंगवाले भावजी! कोपऱ्यावर दोघा भावांचं सलून, एक खुर्ची थोरल्यांची, एक यांची. सकाळपासून उभ्याचं काम. भावजी घरून निघायचे, विजेच्या खांबापर्यंत गेले की पाय शिशाचे! कमरेतून कळ निघायची ती थेट पोटऱ्यांत. मग तिथंच उकिडवे बसायचे, जरा बरं वाटलं की उठायचे, पुढच्या फाटकाशी पुन्हा बसायचे… लोकांना वाटायचं, चपलेचा अंगठा तुटला असेल. पण सायकलवर बसले, हँडलवर वाकले, की निघाले सुसाट!

झालं. थोरले गिऱ्हाइकाच्या गळ्याला वस्तरा लावून सांगायचे, "सायकल येते हो, चालता येत नाही! असलं दुखणं आम्हालाही द्या म्हणावं!" आता वस्तऱ्याखालचं गिऱ्हाईक काय बोलणार? हूं म्हणायचं.

बरं, सल्ले किती! समोरच्या मावशी म्हणाल्या, "उसण आहे, शेका." वरचे मास्तर म्हणाले, "पट्टा बांधा." वहिनींनी, म्हणजे भावजींच्या बायकोनं, गादी काढून टाकली आणि त्यांना फरशीवर निजवलं, तर सकाळी उठवायला दोघी लागलो, मी आणि त्या! मी आपलं तेल दिलं. सगळं करून पाहिलं हो, एक डॉक्टर सोडून. कारण विषय काढला की थोरले म्हणणार, "डॉक्टरला काय सांगशील? सायकल येते, चालता येत नाही?"

आणि मग एके दिवशी मी खिडकीतून बघते, तर भावजी जिना चढून घरात गेले आणि एक चप्पल खालच्या पायरीवर! हाक मारली, "भावजी, चप्पल राहिली!" तर पायाकडे बघून म्हणतात, "हो की!" अहो, पायातली चप्पल निघाली आणि पायाला पत्ता नाही? वहिनींना म्हटलं, पदर खोचा, चला!

गेलो. थोरलेही आले… काळजीनं नाही, सोंग पकडायला! डॉक्टरीणबाई गुणी. म्हणाल्या, "मणक्यातली नळी अरुंद झालीय, शिरा दाबल्या जातात. ताठ उभं राहिलं की ती आवळते, वाकलं की मोकळी होते. म्हणून सायकल जमते. खुशाल चालवा. पडून राहू नका, व्यायाम शिकवते तो करा, तासन् तास उभं राहणं बंद." थोरल्यांचं तोंड बघायला हवं होतं! एरंडेल प्यायल्यासारखं!

मग बाई म्हणाल्या, "आता थोडं खाजगी विचारायचंय, बाकीच्यांनी बाहेर बसा." थोरले खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "आम्ही घरचेच." मीही म्हटलं, हो हो, घरचेच! वहिनी तर घरच्याच. मग बाईंनी विचारलं, "बसायच्या जागी बधिर वाटतं का? लघवीला अडतं का?" भावजींनी थोरल्यांकडे पाहिलं, वहिनींकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं… आणि म्हणाले, "छे छे! तसलं काही नाही." बाईंनी बजावलं, "झालंच तर त्याच दिवशी या. दुसऱ्या दिवशी नको."

अहो, ते तर आधीच सुरू झालं होतं! माणूस न्हाणीघरात अर्धा अर्धा तास नळ सोडून उभा, आणि बाहेरून वहिनी ओरडतात, "पाणी किती वाया घालवता!" आत नळ आणखी मोठा! पोट नगाऱ्यासारखं तटतटलं आणि भावजी दारातच कोसळले, तेव्हा कुठे कळलं. तातडीनं ऑपरेशन. पाठ उघडली, नळी मोकळी केली. मोठे डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "जिवाला धोका नाही. पण फार उशीर केलात. इतके दिवस कुणाला सांगितलं नाही?" आम्ही तिघं घरचे, भिंतीकडे बघत उभे.

आता भावजी चार पायांच्या वॉकरला धरून खिडकीपर्यंत येतात. डावा पाय फरफटतो. लघवीची नळी अजून आहे, सुटेल की नाही ते डॉक्टरही सांगत नाहीत. सायकल येत नाही, चालताही येत नाही.

परवा थोरले आले. पलंगाशी बसले. मग भावाचा पाय मांडीवर घेतला आणि म्हणाले, "तू कसली काळजी करू नकोस. दुकानातली तुझी खुर्ची तुझीच आहे. कुणाला देणार नाही."

भावजी म्हणाले, "दादा, खुर्चीत मी बसतो. पण गिऱ्हाईक उभ्यानं दाढी करून घेईल का, ते एकदा विचारून ये."