कडवं कोणाचं

विषय निघालाच आहे, तर सांगतो. देवळ्याच्या आमच्या शाहिरांमागे मी पंचवीस वर्षं तुणतुणं वाजवलं. ते गेल्यावर नाशिकच्या एक प्राध्यापक मॅडम त्यांच्यावर पीएचडी करायला आल्या. शाहिरांच्या घरी, वहिनींच्या समोरच त्यांनी मला विचारलं, "बाबा, आईवरच्या कवनाचं शेवटचं कडवं शाहिरांच्या वहीत नाही. ते कोणी रचलं? मला प्रबंधात नाव द्यावं लागतं."

कडवं माझं होतं. शाहिरांनी कधी तसं सांगितलं नाही, मीही विषय काढला नाही. आता त्यांच्यामागे वहिनींच्या देखत कसं सांगायचं? म्हटलं, "शाहिरांचंच लिहा."

वहिनी लसूण सोलत होत्या. "भाऊजी, या वयात खोटं कशाला बोलता? मॅडम, तुमच्या मोबाइलवरचा ह्यांचा तो कार्यक्रम लावा."

मॅडमनी लावला. ते कडवं आलं आणि शाहिरांनी डफ थांबवून कानाची पाळी धरली.

"गुरूचं नाव घेतानाच हे कान धरायचे," वहिनी म्हणाल्या. "मी विचारलं, इथं कोणता गुरू आला? तर म्हणाले, हे कडवं आपल्या निवृत्तीचं हाय. गाता गाता कसं सांगू? म्हणून कान धरतो."

मॅडमनी माझं नाव लिहून घेतलं. मग हळूच म्हणाल्या, "बाबा, इतक्या वर्षांत तुमच्या लक्षात नाही आलं?"

"मी त्यांच्या पाठीमागे उभा राहायचो," मी म्हटलं. "मला वाटायचं, सूर लावतायत."