जीव नसलेलं लाकूड

…नाही, मला सांगा, लाकूड म्हणजे लाकूडच ना? पेटवायचं, शेकायचं, राख टाकून द्यायची. पण तुम्हाला सांगतो, आमच्या घरात लाकूड विकत घेत नाहीत, त्याची मुलाखत घेतात. आणि घेणार कोण, तर आमचे दादाजी, चांदमलजी, पक्के जैन, वय एक्क्याऐंशी, तळोद्याच्या बाजारात कापडाचं दुकान, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, तरी लाकडातली कीड बरोबर दिसते, घरातला माणूस तेवढा दिसत नाही.

माणूस म्हणजे दादी. न्यूमोनियातून उठून परवा घरी आली, डॉक्टरांनी बजावलं, खोली गरम ठेवा. मी म्हटलं हीटर आणतो. "वायरिंग जळेल," दादाजी म्हणाले. वायरिंग त्यांच्या लग्नातलं. "अंगणात लाकूड पेटवू, निखारे शेगडीत घालून आत नेऊ. पण लाकूड जीव नसलेलं पाहिजे. तू कॉलेज सोडून बसलास, तुला काय कळणार?" म्हणजे कॉलेजात हे शिकवतात, मला माहीतच नव्हतं. मी उगाच दुसऱ्या वर्षाला सोडलं.

तर आज सकाळी सात वाजता लाकूडवाला सुरुपसिंग बैलगाडी घेऊन दारात. बांधावरची बाभूळ, बोर, निंब, वर्षभर वाळवलेलं, खणखणीत. दादाजींनी ओट्यावर खुर्ची टाकली, एक ओंडका उचलायला लावला, पायरीवर ठक ठक ठक आपटायला लावला आणि थांबले. का थांबले? तर आत कोणी असेल तर त्याला निघायला वेळ द्यायचा. पाच मिनिटं. प्रत्येक ओंडक्याला पाच मिनिटं, आणि गाडीत ओंडके दीडशे, आणि आपटायला मी, आणि आत दादी कुडकुडतेय.

सुरुपसिंगनं बिडी काढली. "शेठ, तीन डाव वाजाडं, कोणी दार उघडत नही. घर खाली शे."

"भोक आहे त्याला. बाजूला ठेव."

बाभळीला भोक, बाजूला. बोराची साल सुटलेली, सालीखाली कोणी झोपलं असेल, बाजूला. निंब आतून ओला वाटतो, ओल्यात जीव असतो, बाजूला. दहा वाजले, घेतलेली लाकडं चार, नाकारलेल्यांचा ढीग माझ्या छातीएवढा, आत दादी कुडकुडतेय, आणि सुरुपसिंग मला हळूच विचारतो, "भाऊ, लाकूड जाळानं शे का जवाई पसंत कराना शे?"

तेवढ्यात त्या पसंत केलेल्या चारातल्या एकातून भुंगा निघाला. काळा, चकचकीत, शिंगवाला. दादाजींचा चेहरा असा खुलला की माझ्या दहावीच्या निकालालाही खुलला नव्हता. "बघितलंस? आता जाळलं असतं ना आपण याला." ठीक आहे, वाचला, सोडा त्याला झाडावर. तर नाही. बाहेर गारठा, वर कावळे. मग भुंगा ओंडक्यासकट कुठे ठेवायचा? जिथे खिडक्या बंद आहेत तिथे. दादीच्या खोलीत. ठेवला. आणि ठेवल्यावर लक्षात आलं की आता त्या खोलीत शेगडी नेता येणार नाही… भुंगा निखाऱ्यावर झेपावेल ना.

मी ओरडलो. खोटं कशाला सांगू, घाणेरडं ओरडलो. दादाजी शांत. "जिवाच्या वर काही नाही, नमन." मी दादीकडे बोट दाखवलं, म्हटलं, ही काय फर्निचर आहे? म्हणाले, "तिला दुसरी रजाई दे."

दादी उठली. दोन रजायांसकट उठली. "यांना सांग, सांभाळा पाहुणा," एवढंच बोलली आणि भिंतीला धरत धरत बाहेर गेली. बाहेर सुरुपसिंगनं कंटाळून नाकारलेली लाकडं गल्लीत पेटवली होती. "बठ माय, शेकी ले." बसली. दहा मिनिटांत गालांवर रंग आला हो तिच्या.

थोड्या वेळानं दादाजी खुर्ची घेऊन तिथेच. जाळाकडे पाठ करून. मी विचारलं, आता त्या लाकडातला जीव?

"पेटवलं मी नाही. मी हिच्याजवळ बसलोय."

असं म्हणत पाठ अजून वीतभर मागे सरकवली.

म्हणजे तिथे दादी शेकतेय, दादाजी शेकतायत, बैलसुद्धा शेकतायत, आणि इथे आत, गार फरशीवर, भुंग्याच्या उशाशी मी. मांजर येऊ नये म्हणून. खिडकी किलकिली करून विचारलं, किती दिवस बसू? दादाजी म्हणाले, "थंडी सरली की तो आपणहून उडून जाईल."

आज तीन जानेवारी.