म्हसोबाचा शेंदूर

कमलनगरला जीप भरेपर्यंत वाचावं म्हणून नलिनीबाईंनी पुस्तक उघडलं, पण कान मागच्या बाकावरच्या बहीणभावाकडंच लागले.

“अक्का, पेपरात बघ, जुलमातून परदेशातल्या लोकांना सोडवायला फौज धाडली म्हणत्यात. सगळं खोटं! जमिनीखाली तेल हाय म्हणून लढाई करायलेत.”

“व्हय का, उद्धवा? तिथं नुसती करडई पिकत असती तर?”

“कोण गेलं असतं मरायला!”

“मग तू दादाशी बांधावरून कामून भांडलास?”

“बांधावर आपला म्हसोबा हाय. देवासाठी भांडलो, अक्का.”

“आन् त्याच्या शेजारची विहीर?”

“तीबी हाय की तिथंच.”

“तिचं पाणी तर रोज काढतूस. म्हसोबाला शेंदूर कवा लावलास?”

उद्धवरावांनी खिडकीतून मान बाहेर काढली.

“ओ डायवर, किती वेळ बसवायलास? सोड की जीप!”