सीट मागे जात नाही

ताई : मला काय विचारतोस, तूच दाब की बटण. डावीकडची सीट मागेही जात नाही नि वरही येत नाही. चार महिने झाले.

भाऊ : दाबलं. मोटरचा आवाजच नाही. नुसती अडकली असती तर निदान घुरघुरली असती. करंटच पोचत नाहीये.

ताई : आईने पिच्छा पुरवला म्हणून आणली. "माझा मुलगा गाड्यांचं वायरिंग करतो आणि तू गाडी तशीच ठेवतेस?" खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून सीट पार मागे जाऊन वर आल्याशिवाय तिला गाडीत बसताच येत नाही.

भाऊ : माहीत आहे मला.

ताई : माहीत सगळं असतं तुला.

भाऊ : ताई, आल्या आल्या सुरू होऊ नकोस. फ्यूज बघू दे. हं, शाबूत आहे. आता हा टेस्टरचा दिवा बघ, मी दारावरच्या बटणामागे टेकवतोय. लागला?

ताई : लागला.

भाऊ : म्हणजे बटणापर्यंत करंट येतोय. आता बटण दाबून धर. बटणाच्या पुढेही जातोय. राहिलं सीटखालचं. थांब, आधी बॅटरी सोडवतो. खाली एअरबॅगची वायर असते, उगाच फुटायची तोंडावर.

ताई : उंदरांनी कुरतडलं असेल. आमच्या पार्किंगमध्ये नुसता सुळसुळाट झालाय.

भाऊ : (सीटखाली डोकं घालून) मोबाइलचा टॉर्च मार जरा इकडे. अजून आत. हे काय आहे?

ताई : काय?

भाऊ : कपलर सुटलाय. दोन वायरी जोडणारा हा प्लास्टिकचा सांधा. सीटच्या सगळ्या मोटरींना इथूनच करंट जातो.

ताई : निघाला असेल खड्ड्यांतून आपटून.

भाऊ : खिट्टी अंगठ्याने दाबून ओढल्याशिवाय हा निघत नाही. आणि आपटून निघालेल्या कपलरवर प्लास्टिकची पिशवी कोण चढवतं? वर रबरबँड. दोन वेढे.

ताई : मला काय माहीत?

भाऊ : टीव्हीच्या रिमोटला पिशवी, चष्म्याच्या डबीला पिशवी, पासबुकाला पिशवी, आणि वर रबराचे दोन वेढे. आपल्याच घरात बांधतात असं. आईने शिकवलंय. सीटसुद्धा आधी पार पुढे घेतलीस आणि मग काढलास.

ताई : धूळ बसून खराब झाला असता.

भाऊ : ताई!

ताई : हो, मी काढला. मागे तू हीच सीट उघडली होतीस तेव्हा टॉर्च कोणी धरला होता? मीच ना? तेव्हा बघितलं होतं.

भाऊ : अगं, पण का? चार महिने ती घरात बसून आहे! मला फोनवर सांगत होतीस, सीट बिघडलीय, कशी आणू? मी आपला खरं धरून बसलो.

ताई : खरं धरून बसलास की सुटलो म्हणून बसलास? तुझ्या दारात परक्यांच्या गाड्यांची रांग असते. चार महिन्यांत एकदा तरी म्हणालास, घेऊन ये गाडी, बघतो?

भाऊ : कामं अंगावर होती.

ताई : माझ्या अंगावर काय आहे ते ऐक. तुझ्याकडून निघालो की तिचा पट्टा लावते, सीट नीट करते, आणि गाडी वळायच्या आत ती विचारते, "काही म्हणाला का गं?" म्हणजे राहा म्हणाला का. बाबा गेल्यापासून नऊ वर्षं मी सांगतेय, म्हणाला आई, पुढच्या महिन्यात नेतो म्हणाला. तुझं खोटं माझ्या तोंडाने. चार महिन्यांपूर्वी एक दिवस मात्र माझ्याच्याने ते खोटं बोलवेना. तिला वर सोडलं, खाली येऊन सीट पुढे घेतली आणि ओढून काढला हा तुझा कपलर. म्हटलं, येणंच नको नि विचारणंच नको.

भाऊ : म्हणजे तू तिला कोंडलंस आणि वाईट मी.

ताई : कोंडलं. वाईटच केलं. ती खिडकीत बसलेली दिसली की माझीच मला लाज वाटते. पण तू एकदा तिला राहा म्हण, मग मला वाटेल तेवढ्या शिव्या घाल.

भाऊ : बायकोशी बोलावं लागेल. आणि मागची खोली जुन्या मोटरींनी भरलीय.

ताई : मोटरींना जागा आहे.

भाऊ : तसं नाही गं.

ताई : मग कसं ते सांग. तळमजला, दोन पायऱ्या, रिकामी होईल अशी एक खोली. कसं नाही?

भाऊ : बॅटरी जोडली. कपलरही बसला. दाब बटण.

ताई : गेली मागे. वरही आली.

भाऊ : झालं. दोन मिनिटांचं काम होतं.

ताई : मग आज आणू तिला? दुपारपुरती नाही. राहायला.

भाऊ : आजच्या आज कसं?

ताई : मग उद्या? परवा? बोल ना. थांब, तिचाच फोन. सकाळपासून तिसरा. मी नाही बोलणार. स्पीकर लावलाय, या वेळी तूच सांग तिला.

आई : काय गं, झाली का सीट?

भाऊ : आई, मी बोलतोय.

आई : अरे, तू होय! बाळा, आवाज बसल्यासारखा वाटतोय तुझा. काय निघालं रे?

भाऊ : आई, ती मोटर जळलीय. नवीन मागवावी लागेल. महिना तरी जाईल. जास्तच.

आई : मोटर? ताई तर वायर तुटलीय म्हणत होती.

भाऊ : वायर पण आहे.

आई : बरं. असू दे. तुम्ही दोघं बसून काय ते एकच ठरवा. शेजारच्या बायका विचारतात रे, मला त्यांना सांगायला बरं पडेल.