दिग्या गेला!

सैनिकी शाळेतल्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष माननीय कर्नलसाहेब, मंचावरील मान्यवर, प्राचार्य, गुरुजन, पालक बंधुभगिनी आणि माझ्या छात्रांनो, तुम्हा सर्वांना करकंबच्या रुपालीबाईचा नमस्कार. मी तिथं शाळेत शिकवते, पण आज उभी आहे ती बारावीतल्या दिग्विजयची आई म्हणून.

मघाशी, तुम्हाला कवायत शिकवून आज निवृत्त होणाऱ्या शरणप्पा उस्तादांनी श्रीफळ डाव्या हातानं स्वीकारलं, तेव्हा मागच्या रांगांत कुजबुज झाली. सत्काराच्या प्रसंगी बोलू नये, पण बोलते. ज्यांना हसू आलं त्यांनी नीट ऐकावं. उस्तादांचा उजवा हात मिटत नाही. तो माझ्या माहेरच्या माणसांनी मोडला.

तीन वर्षांपूर्वी इथं बॉक्सिंगच्या स्पर्धा होत्या. सांगोल्याकडच्या मेंढपाळाचा बिरुदेव आणि माझा दिग्विजय, एकाच खोलीतले जिवलग, समोरासमोर आले. बिरुदेवचा ठोसा नाकावर बसला. दिग्विजय आडवा, तोंडभर रक्त. थोड्या वेळानं उठून तो हसलाही. पण एका मुलानं चोरून आणलेल्या फोनवर तो पडल्याचा तेवढाच तुकडा टाकला आणि वर लिहिलं, ‘दिग्या गेला!’

तुमच्या बोलीत गेला म्हणजे हरला. आईच्या कानाला गेला म्हणजे काय, हे मी सांगायला हवं का?

गावच्या ग्रुपवर येईतो त्याला शेपूट फुटलं होतं, ‘खोलीतल्याच पोरानं ठेचून मारलं.’ शाळेचा फोन लागेना, कारण जो तो तोच लावत होता. माझा सख्खा भाऊ हिंदुराव कुणाला काही विचारायला थांबलाच नाही. लोखंडी गज, कुऱ्हाडीचे दांडे जीपमध्ये पडले. मीही बसले. लेकाचं मढं आणायला निघाले होते मी.

फाटकावर उस्ताद उभे होते. हातात लाठी होती, ती त्यांनी उगारली नाही. "पोरगं जित्तं हाय. आदी बगा, मग मारा," एवढंच म्हणाले. ऐकतो कोण? पहिला गज मनगटावर पडला आणि हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मग आमची माणसं मेसमध्ये घुसली. जेवत्या ताटावरून बिरुदेवला केसाला धरून मैदानात फरफटत आणलं, लाथांनी तुडवलं. त्याचे दात मातीत पडले. हिंदुरावनं त्याच्या डोक्यावर गज उचलला आणि उस्ताद त्या पोरावर पालथे पडले. गज त्यांच्या कानशिलावर बसला, कान फाटून लोंबला. आणि अध्यक्षमहाराज, क्षमा करा, पण हे सगळं चार-पाच मुलं गच्चीवरून तसल्याच चोरून आणलेल्या फोनांवर शूट करत होती. सोडवायला एकही खाली उतरला नाही.

रक्ताची गुळणी टाकून उस्ताद ओरडले, "कॅडेट दिग्विजय, हाजिर हो!"

न्हाणीघरातून, डोक्याला साबण, कमरेला टॉवेल, माझा लेक धावत आला. "हाजिर, उस्ताद!"

हिंदुरावच्या हातातला गज गळून पडला. मला आनंद झाला म्हणू, की शरमेनं मेले म्हणू? पोटच्या पोराकडं मी नंतर गेले, आधी बिरुदेवला उचललं.

छात्रांनो, उद्या तुमच्या हाती बंदूक येईल. चाप ओढण्याआधी समोर कोण आहे ते बघायला शिकवतात ना? मग फोनवरच्या बोटालाच तेवढी मोकळीक कशी? मित्राचं रक्त, अंगावरचा गणवेश ही काय चार लोकांना हसवायची वस्तू आहे? ज्याच्याविषयी आलंय त्याचा आवाज ऐकल्याशिवाय काही पुढं ढकलू नका. आणि डोळ्यांदेखत कुणाला मार पडत असेल, तर फोन खिशात घाला आणि धावा. ज्यानं ते दोन शब्द लिहिले त्याचं नाव मी घेणार नाही. तो इथंच बसलाय आणि त्याला सगळं कळलंय.

माझा भाऊ शिक्षा भोगून आला. आज तो बाहेर त्याच जीपमध्ये बसलाय, आत यायला त्याला तोंड नाही. उस्तादांना मैंदर्गीला घरी सोडू का, असं त्यानं माझ्याकरवी विचारलं. उस्ताद म्हणाले, "सोड की. पन बिरुदेव पुडं बसंल, तुज्या शेजारी."

माझा आवाज चढला असेल, कुणाचं मन दुखावलं असेल, तर आईचं बोलणं समजून पदरात घ्या. शांतपणे ऐकलंत, आपली ऋणी आहे. आणि उस्ताद, निघताना ‘येतो’ म्हणा. ‘गेला’ हा शब्द या शाळेत आता आम्हाला कुणाबद्दल ऐकायचा नाही.