झिजलेला अंगठा

फेस शहरात हजच्या नोंदणीच्या रांगेत कातडी कमावणारा म्हातारा अल्लाल आणि त्याची बायको रहमा होते. ठसे घेणारं यंत्र त्याचा अंगठा चौथ्यांदा नाकारत होतं.

"अहो, चुन्यात हात घालून घालून रेघाच झिजल्यात तुमच्या," रहमा म्हणाली.

"बरं झालं. कयामतीच्या दिवशीही हा हात ओळखू येणार नाही!"

"भलतंच काय! त्या दिवशी तोंडाला कुलूप. हातच बोलणार."

"काय बोलणार?"

"मेकनेसच्या तुमच्या धाकट्या भावाच्या कानाखाली वाजवली होतीत, ते."

"चाळीस वर्षं झाली. रोज अल्लाहची माफी मागतोय मी."

"मार त्याने खाल्ला. आधी तो माफ करेल, मग अल्लाह."

काचेवरचा हात अल्लालने दुसऱ्याचा असावा तसा जपून उचलला.

"कुठे निघालात? नंबर जाईल!"

"जाऊ दे. मेकनेसची गाडी कितीला आहे?"