शिवेपलीकडचं गाऱ्हाणं

हॅलो?… हां, मी सुलोचना. बाबलींची बायको, दुसरं कोण उचलणार?… स्नेहा? ती शूटिंगवाली ना तू? बोल गो बाये. जरा मोठ्याने बोल, बांगडे साफ करतेय, फोन खांद्याला दाबून धरलाय.

हो… हो, घरातच आहेत. नाही, फोनवर नाही येणार. तापबीप काही नाही, बरे आहेत. जनेलाकडे बाहेर बघत बसून चहात उंडा पाव बुडवतायत. तुझा फोन म्हटल्यावर पाठ फिरवली.

काय?… परत? म्हणजे तोच सीन परत घेणार?… का गो? काल तर तुमच्या साहेबांनी टाळ्या वाजवल्या!

हां… हां… नाव. ठाऊक आहे मला. तुमच्या हिरोचं नाव दत्तप्रसाद आणि हे म्हणाले देवेश. अगं, मी तिथेच होते. तुम्हीच मला लुगडं नेसवून गर्दीत उभं केलं होतंत. सगळ्यांनी ऐकलं… आम्ही कशाला सांगू? कानांना डबडी लावलेला माणूस होता की तुमचा.

छे, चुकून कसलं! गावात कुणाचं लग्न असो, विहीर असो, गाव राखणाऱ्या देवासमोर, राखणदारासमोर नारळ ठेवून गाऱ्हाणं घालणारे हेच. त्यांची जीभ कधी अडखळत नाही.

देवेश?… आमचा मुलगा. मालाच्या बोटीवर असतो. हो, तिकडेच, लढाई चाललीय तिथे. बोट अडकलीय. आठवडा झाला, फोन नाही. सून वास्कोला एजंटाच्या ऑफिसात जाऊन बसते, ते म्हणतात कळवू… नको, सॉरी नको म्हणू. तुला कुठे ठाऊक होतं.

अगं ऐक ना. तुम्ही यांना काय सांगितलंत? युद्ध चाललंय, पोराला गोळी लागलीय, गावकरी त्याला राखणदाराच्या झाडाखाली आणतात, बाबलीकाका गाऱ्हाणं घालतात, आणि पोरगा अंगात शक्ती येऊन उठतो, उडतो, विमानं पाडतो. बरोबर? उडू दे, पाडू दे, आमचं काही म्हणणं नाही. पण 'काका, अगदी खरं वाटलं पाहिजे' हे कोण म्हणालं? साहेब. मग वाटलं खरं! लढाई, गोळी, पोरगा… बापाच्या तोंडात दुसऱ्याच्या पोराचं नाव कसं यायचं?

नुसतं ॲक्टिंग म्हणून?… तसं नसतं गो बाये. नारळ खरा होता ना? विडा खरा, झाड खरं. आणि मागे उभे होते ते सगळे गावचेच, 'व्हय म्हाराजा' म्हणाले. गावाने होकार भरला की गाऱ्हाणं लागू झालं. आता तिथेच उभं राहून नाव बदललं, तर कालचं मोडलं. राखण जाणार तुमच्या दत्तप्रसादाकडे. त्याला कशाला हवी? त्याचं रक्त रंगाचं.

दोन्ही नावं?… मीही तेच म्हटलं यांना. तर म्हणतात, राखणदार पायी फिरतो, त्याला दोन दिशांना कुठे पळवू? तुमचा उडतो, आमचा चालतो बाई. दरवर्षी नव्या वहाणा ठेवतो त्याच्यासाठी, त्या झिजतात.

मी? मी मानते का?… काय सांगू तुला. अर्धं मानते, अर्धं नाही. पण जे मानतात त्यांच्याच हिशेबाने बघ ना. राखणदाराची हद्द गावच्या शिवेपर्यंत. पलीकडे शेजारच्या मांद्र्यालासुद्धा जात नाही, तिथला वेगळा. यांना तोंडावर म्हटलं मी, तुमचा देव शिवेवरचा ओहोळ ओलांडत नाही, दर्यावर काय जातोय! आणि गाऱ्हाण्याचा शेवट ऐकलास ना तू? 'म्हाराजा, आजवर शीव सोडलंस नाय. आता सोड. आमची राखण ऱ्हवांदे, माज्या झिलाकडे, देवेशाकडे जा.' तेव्हा कळलं मला, माणूस आतून किती घाबरलाय ते. घरात एक शब्द नाही.

हो मग! गावात बोंब झालीच. सकाळी बाबुराव दारात. म्हणतो, बाबलीने देव गावाबाहेर घालवला, आता आमची गुरं कोण बघणार? मी म्हटलं, बाबुराव, 'व्हय म्हाराजा' सगळ्यात मोठ्याने तूच ओरडलास, पिक्चरात दिसायला. तशी चपला घालून गेला.

काय म्हणतेस… बाबुरावाकडून म्हणवून घेणार? घ्या की. दाढी करून बसला असेल. हौसेला मोल नाही. मीसुद्धा येते लुगडं नेसून, जेवण बरं असतं तुमच्याकडे… नाही गो, रागावले नाही. खरंच नाही.

भीती वाटते गो. भांडी घासताना वाटते, बांगडे चिरताना वाटते. त्यांना निदान मागायला कुणीतरी आहे. मी कुणाकडे जाऊ?

असू दे… असू दे. हां, तर बाबुरावाचं म्हणत होतीस. त्याला तोंडपाठ आहे सगळं, साहेब खूश होतील. पण ऐकायला तिथे कोण आहे? झाडाखाली आता कुणी नाही बाये… नाही म्हणजे नाही. यांनी पाठवलाय त्याला देवेशाकडे. गेलाय तो.

… हो, म्हणाले होते मी. ओहोळ ओलांडत नाही म्हणाले होते. म्हणाले असेन, मी काय पण बोलते.

साहेबांना सांग, थांबता आलं तर थांबा. देवेश घरी येऊ दे. मग हे स्वतः येतील, तुमच्या दत्तप्रसादाचं गाऱ्हाणं घालतील, नारळ आमच्या माडाचा… कधी ते मी कसं सांगू?

बरं, ठेव आता. नाही, खरंच ठेव. पोरगा लावायचा झाला तर याच नंबरावर लावील, आणि मी तुझ्याशी बोलत बसलेय.